पर्यावरणशास्त्राच्या पदवीआधीचे फाउंडेशन वर्ष: विदर्भातल्या खेड्यातून जाऊ पाहणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि पुढच्या पंधरवड्यात आमच्या तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात दरवर्षी एक-दोन पालक तोच प्रश्न घेऊन येतात. मुलीने कला शाखेतून बारावी केली आहे, भूगोलात गुण उत्तम आहेत, पाणी, जंगल आणि हवामान यांतच तिला शिकायचे आहे. आता विज्ञानाच्या पदवीचा रस्ता बंद झाला का? शहरातल्या एखाद्या सल्लागाराने त्यांच्या हातात ब्रिटनमधल्या फाउंडेशन वर्षाचे गुळगुळीत पत्रक दिलेले असते आणि त्यात हिरवळीवर बसून हसणारी मुले असतात. रस्ता बंद झालेला नाही, हे पहिले उत्तर. मात्र पायाभरणीचे ते वर्ष नेमके कुठे काढायचे, तिकडे की आपल्याच जिल्ह्यात, हे ठरवण्याआधी जो हिशेब मांडावा लागतो, तो पत्रकात कुठेच नसतो.

हे वर्ष निघाले कशासाठी

ब्रिटनमध्ये विद्यार्थी सोळाव्या वर्षानंतर साधारण तीनच विषय घेऊन दोन वर्षे ए-लेव्हल, म्हणजे तिथली अकरावी-बारावी, करतो. ज्याने इतिहास, साहित्य आणि चित्रकला घेतली, त्याला अठराव्या वर्षी पर्यावरणशास्त्र शिकावेसे वाटले तर रसायनशास्त्र आणि गणित हाताशी नसते. अशांसाठी, तसेच मध्ये काही वर्षे नोकरी करून शिक्षणाकडे परतणाऱ्यांसाठी, तिथल्या विद्यापीठांनी तीन वर्षांच्या पदवीला पुढून एक वर्ष जोडले. त्यामुळे पदवी चार वर्षांची होते. पहिल्या वर्षात गणित, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्र, थोडा भूगोल, प्रयोगशाळेतले काम आणि निबंध व अहवाल लिहिण्याची रीत शिकवली जाते. या वर्षाचे गुण पदवीच्या अंतिम श्रेणीत सहसा धरले जात नाहीत. पण ठरावीक गुण मिळाल्याशिवाय पुढच्या वर्षात पाऊल टाकता येत नाही, आणि ही अट नुसत्या उत्तीर्ण होण्यापेक्षा बहुतेक ठिकाणी वरची असते.

आपल्याकडची अडचण थोडी वेगळी आहे. खेड्यातला मुलगा कला शाखेत जातो तो पुष्कळदा आवडीने नव्हे. जवळच्या महाविद्यालयात विज्ञानाची तुकडीच नसते आणि असेल तिथे जायला सकाळची एकच एसटी असते. म्हणजे त्याची बुद्धी विज्ञानाला कमी पडली असे कोणी ठरवलेले नसते, त्याला विज्ञान भेटलेलेच नसते. फाउंडेशन वर्षाची कल्पना आपल्या भागाला म्हणूनच पटते.

आधी गरज तपासा

ज्याने विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी बारावी केली आहे, त्याला हे वर्ष बहुधा लागत नाही. ब्रिटनमधली अनेक विद्यापीठे भारतीय बारावीवर थेट पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश देतात. किती टक्के हवेत हे विद्यापीठागणिक बदलते आणि राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांकडून काही ठिकाणी केंद्रीय मंडळापेक्षा अधिक टक्के मागितले जातात. म्हणून ज्या विद्यापीठाचा विचार आहे, त्याच्या संकेतस्थळावर भारतासाठीचे पान उघडून महाराष्ट्र मंडळाचा उल्लेख शोधावा, आणि तो न सापडल्यास प्रवेश विभागाला साधा ईमेल करावा. उत्तर येते. सल्लागाराला विद्यापीठाकडून दलाली मिळत असते, त्यामुळे एक वर्ष अधिकचे विकण्यात त्याचे काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट अशी की 'फाउंडेशन' या एकाच नावाखाली दोन वेगवेगळे प्रकार चालतात. पहिल्यात ते वर्ष पदवीचाच भाग असते. एकच प्रवेश, चार वर्षांचा एकच व्हिसा. दुसऱ्यात विद्यापीठाशी जोडलेली वेगळी संस्था परदेशी विद्यार्थ्यांसाठी वर्षभराचा वर्ग चालवते आणि तो पार केल्यावर विद्यापीठात प्रवेश मिळतो. इथे पदवीसाठी व्हिसाचा अर्ज पुन्हा करावा लागतो. काही विद्यापीठे पहिला प्रकार फक्त तिथल्या रहिवाशांपुरता ठेवतात आणि आपल्या मुलांना दुसऱ्याकडे पाठवतात. पत्रक हातात आल्याबरोबर विचारायचा प्रश्न हा आहे, आणि उत्तर लेखी घ्यावे.

पैशाचा हिशेब

इथे थोडे थांबून मोजायला हवे. विज्ञानाच्या पदवीसाठी परदेशी विद्यार्थ्याकडून तिथली विद्यापीठे वर्षाला 20,000 पौंडांच्या आसपास किंवा त्याहून बरेच अधिक शुल्क घेतात. पौंड शंभर रुपयांचा धरला, आणि तो त्याहून महागच असतो, तरी चार वर्षांचे नुसते शुल्क 80 लाख रुपयांवर जाते. राहणे-खाणे वेगळे. व्हिसाच्या अर्जासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी 2024 पासून विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला 776 पौंड आहे आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकरकमी भरायचा असतो. चार वर्षांचे 3,104 पौंड इथेच झाले. त्याखेरीज पहिल्या वर्षाचे उरलेले शुल्क आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग 28 दिवस पडून असल्याचे दाखवावे लागते. कापूस विकून आलेली रक्कम आठवडाभर खात्यात ठेवून भागत नाही. शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र मात्र चालते.

आता कर्ज. साडेसात लाखांच्या वर गेलात की सरकारी बँक सहसा तारण मागते, आणि इथे खेड्यातले कुटुंब अडते. आपल्याकडे असते ती शेतजमीन; पण थकलेले कर्ज वसूल करण्यासाठी बँका ज्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून दहा एकर काळी जमीन असलेल्या शेतकऱ्यालाही व्यवस्थापक 'घर आहे का?' असे विचारतो. घर असते गावठाणात, आणि त्याचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, जो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. स्वामित्व योजनेत 2020 पासून ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या गावाची मोजणी झाली असेल तर ती पत्रिका आधी हातात घ्यावी. हे काम बारावीच्या वर्षात सुरू केले तर होते, जुलैत सुरू केले तर होत नाही.

शिष्यवृत्तीबाबत गैरसमज फार आहेत. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. यांसाठी आहेत, फाउंडेशन वर्षाला त्यांतून पैसा मिळत नाही. यातून निघणारा माझा सल्ला पालकांना आवडत नाही, तरी तो सांगतो: घरात तारणाची ऐपत नसेल तर पाया आणि पदवी इथे करावी आणि परदेशाचा विचार पदव्युत्तर टप्प्यासाठी राखून ठेवावा, कारण सरकारचा पैसा त्या टप्प्यावर उभा आहे.

तेच वर्ष इथे कसे काढावे

कला शाखेच्या विद्यार्थ्याला विज्ञानाचे विषय मागाहून जोडता येतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, मान्यताप्राप्त मंडळाची बारावी झालेल्याला वरिष्ठ माध्यमिक स्तरावर एक ते चार अधिकचे विषय घेऊ देते. त्यांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित आहेच, शिवाय पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषयही आहे. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. अशा प्रवेशावर गुणपत्रिका मिळते, नवे प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणून ज्या महाविद्यालयात बी.एस्सी. करायचे आहे, तिथे आणि त्याच्या विद्यापीठात, जुनी बारावी आणि ही गुणपत्रिका मिळून पात्रता धरतात का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे. प्रात्यक्षिके अभ्यासकेंद्रावर होतात, तेव्हा केंद्र निवडताना अंतरापेक्षा तिथली प्रयोगशाळा उघडी असते का, हे पाहावे.

ज्यांची बारावी विज्ञानाची आहे पण गुण कमी आहेत, त्यांच्यासाठी याहून सोपी वाट आहे आणि तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. भारतीय पदवीचे पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पूर्ण केले असेल तर ब्रिटनमधली काही विद्यापीठे ते फाउंडेशन वर्षाच्या जागी धरतात. विदर्भात 1923 चे नागपूर विद्यापीठ, 1983 चे अमरावतीचे संत गाडगे बाबा विद्यापीठ आणि 2011 चे गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ आहे. यांपैकी कोणत्याही विद्यापीठाच्या महाविद्यालयातले बी.एस्सी.चे पहिले वर्ष काही हजारांत होते आणि नव्या शैक्षणिक धोरणाखाली ते श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये, मोजले जाते. तिकडे 20 लाख मोजून जे मिळते, त्यातला मोठा भाग इथे मिळतो, आणि पुढे जाणे झालेच नाही तरी हातात पदवीचे एक वर्ष शिल्लक राहते. त्या गुणपत्रिकेवर थेट प्रवेश देता का, असा ईमेल सप्टेंबरमध्येच पाठवून ठेवावा.

आता अभ्यासाबद्दल, कारण वर्ष कुठेही काढले तरी अडखळण्याच्या जागा त्याच असतात. पहिली जागा एककांची. पाऊस मिलिमीटरमध्ये, विहीर मीटरमध्ये, जमीन एकरात आणि मोटरपंप लिटरमध्ये, अशी आपली रोजची मापे एकमेकांशी कधी बोलत नाहीत. मी वर्गात पहिल्या दिवशी हे गणित देतो: एक एकर वावरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? एक एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर. 25 मिलिमीटर म्हणजे 0.025 मीटर, गुणाकार सुमारे 101 घनमीटर, म्हणजे 1 लाख लिटरांहून थोडे अधिक. उत्तर ऐकून मुले गप्प होतात, कारण टँकर 10,000 लिटरचा असला तर दहा टँकर पाणी एका एकरावर एका सरीत पडले आणि बरेचसे नाल्याने वाहून गेले, हे त्यांच्या डोळ्यांपुढे येते. ज्याला हे गणित न अडता करता आले, त्याला जलविज्ञानाची सुरुवात जड जाणार नाही.

दुसरी जागा लघुगणकाची. सामू, म्हणजे पीएच, एका अंकाने वाढला की आम्लता दहापट घटते, दुप्पट-तिप्पट नव्हे. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू 10 च्या आसपास असतो. शुद्ध पाण्याच्या 7 शी तुलना केली तर त्यात हायड्रोजन आयन हजारपटीने कमी आहेत, आणि तरीही त्यात जीवसृष्टी आहे. जून 2020 मध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हा कारण निघाले ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे. लघुगणक शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

तिसरी जागा रसायनशास्त्राची. तिच्यासाठी घरातली चूल पुरे. काही गावांत विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. आजी म्हणते पाणी जड आहे. त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेक्टिनला, म्हणजे पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्याला, धरून ठेवतात, म्हणून दाणा फुटत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती आणि बुलडाण्याचा खारपाणपट्टा, यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांतले भूजलातले फ्लोराइड, ज्याची भारतीय मानकानुसार जास्तीत जास्त अनुज्ञेय मर्यादा लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम आहे, हे सगळे त्याच धड्याचे पुढचे भाग आहेत.

भाषेचा प्रश्न खरा आहे, पण तो व्याकरणाचा कमी आणि शब्दांचा जास्त आहे. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तके संगणकावर मोफत उतरवून घेता येतात. एकाच विषयाचे मराठी आणि इंग्रजी साहित्य शेजारी ठेवावे आणि वहीत तीन रकाने करावेत: मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा, आणि गावातले उदाहरण. बाष्पोत्सर्जन, ट्रान्स्पिरेशन, दुपारी माना टाकणारी पऱ्हाटी. दिवसाला पाच शब्द धरले तर वर्षात पुरेसे होतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत फाउंडेशन वर्षासाठी बहुधा 5 ते 5.5 आणि थेट पदवीसाठी 6 ते 6.5 गुण मागतात. तिचे केंद्र नागपूरला आहे. लेखन आणि बोलणे या दोन भागांत आपली मुले मागे पडतात, ऐकण्यात आणि वाचण्यात तितकी नाही.

'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' नावाचा विषय अकरावी-बारावीत सर्वांना असतो, आणि बहुतेक ठिकाणी तो एकमेकांच्या वह्या उतरवून पार पडतो. त्याचा प्रकल्प खरा करावा. त्याचा उपयोग पुढच्या टप्प्यावर होतो.

अर्ज आणि त्यातली तीन उत्तरे

ब्रिटनमधल्या पदवीसाठी अर्ज सहसा यूकॅस या सामाईक व्यवस्थेतून जातो, त्यात पाच पर्याय देता येतात आणि मुख्य मुदत जानेवारीच्या मध्याला संपते. वेगळ्या संस्थांच्या फाउंडेशन वर्गांसाठी त्यांच्याकडे थेट अर्ज करावा लागतो. 2026 च्या प्रवेशापासून यूकॅसमध्ये एका लांब निवेदनाऐवजी तीन प्रश्न आहेत: हा विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्याची काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले. तिन्ही उत्तरे मिळून 4,000 अक्षरे, मोकळ्या जागांसह.

इथे बहुतेक मुले 'लहानपणापासून निसर्गाची ओढ' लिहितात. ते खोडावे. मागे एका विद्यार्थिनीने दोन पावसाळे आपल्या वावरातल्या विहिरीची पातळी दर रविवारी मोजली होती. साधन म्हणजे सुतळीला बांधलेला दगड आणि शिंप्याची टेप. वहीत तारीख, कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर, आठवड्याचा पाऊस आणि शेरा असे चार रकाने होते. एका रविवारपुढे शेरा होता: 'शेजारचा पंप रात्रभर चालू होता, हे माप धरू नये.' मी तिला सांगितले की तुझ्या अर्जात दुसरे काही नसले तरी चालेल, ही एक ओळ जाऊ दे. मोजमाप कधी खोटे बोलते हे ज्याला कळले, त्याला विज्ञान कळू लागले असे वाचणारा प्राध्यापक समजतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या ठरावीक महिन्यांत मोजते. आपली वही त्या आकड्यांशी ताडून पाहिली तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपोआप तयार होते.

धान पट्ट्यातल्या मुलांनी मालगुजारी तलावाबद्दल लिहावे, गडचिरोलीतल्यांनी मेंढा-लेखाबद्दल, जिथे ग्रामसभेला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि चंद्रपुरातल्यांना तर कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र यांसाठी घराबाहेर पडण्याचीही गरज नाही. तिकडच्या वर्गात उदाहरणे येतात ती समुद्रकिनाऱ्याची आणि खडूच्या खडकाची. बेसाल्ट आणि भेगाळणारी काळी माती ज्याने पायाखाली पाहिली आहे, त्याने ती सोबत न्यावी.

नाव आणि कागद

महाराष्ट्र मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव येते. तिकडचा कारकून शेवटचा शब्द आडनाव समजतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाचा अर्ज त्यामुळे वडिलांच्या नावाखाली नोंदला गेला आणि प्रवेशपत्र पासपोर्टशी जुळेना. दुरुस्तीत सहा आठवडे गेले. म्हणून अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच भरावे आणि गुणपत्रिकेवरचा क्रम एका ओळीत समजावून सांगावा. त्याआधी दहावीची गुणपत्रिका, टीसी आणि आधार यांवर नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे का, हे तपासावे. पासपोर्टसाठी नागपूरपर्यंत जावेच लागते असे नाही. अनेक जिल्ह्यांच्या मुख्य डाकघरांत ती सोय झाली आहे. सहा महिन्यांहून अधिक राहायचे असल्याने क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त दवाखान्यातच करून घ्यावी लागते. जिल्हा रुग्णालयाचा दाखला त्या कामी येत नाही.

महिन्यांचा क्रम

अकरावी संपताच पासपोर्ट आणि मिळकतीचे कागद हातात घ्यावेत. बारावीच्या सप्टेंबरपर्यंत विद्यापीठांचे ईमेल येऊन पडलेले असावेत आणि ऑक्टोबरात भाषेची परीक्षा व्हावी, म्हणजे गुण कमी आले तर पुन्हा बसायला वेळ राहतो. अपेक्षित गुणांचे पत्र देण्याची आपल्या महाविद्यालयांना सवय नाही. प्राचार्यांना अकरावीचे आणि सहामाहीचे गुण दाखवून तसे पत्र डिसेंबरआधी मागावे, मसुदा स्वतःच लिहून न्यावा. जानेवारीत अर्ज, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, मेमध्ये निकाल आणि सशर्त प्रवेशाची पूर्तता, जूनमध्ये कर्जाची मंजुरी, जुलैत व्हिसा, सप्टेंबरात वर्ग.

यातली एक कडी ऑगस्टमध्ये तुटू शकते, आणि तेव्हा इथले प्रवेश संपलेले असतात. म्हणून जूनमध्ये जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेवावाच. तिथे टीसीची मूळ प्रत जमा होते आणि ती परत मिळवताना अर्ज, थकबाकी नसल्याचा दाखला आणि लिपिकाची रजा या तिन्हींशी गाठ पडते. तेव्हा जमा करण्यापूर्वी तिच्या चार साक्षांकित प्रती आणि एक स्वच्छ रंगीत स्कॅन काढून ठेवावा.